लोकनायक बापूजी अणे : वऱ्हाडचा दिल्लीतील आवाज

बुलडाणा : आज बुलडाणा जिल्ह्याला स्वतःचा लोकसभा मतदारसंघ आहे आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मतदानाचा हक्क आहे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी मात्र मलकापूर, मेहकर, चिखली, खामगाव आणि जळगाव या तालुक्यांचे गाऱ्हाणे दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत मांडण्यासाठी अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांच्या संपूर्ण वऱ्हाडाला मिळून एकच जागा होती. मतदानाचा अधिकारही ठराविक कर भरणाऱ्या मोजक्या लोकांपुरताच मर्यादित होता. या एका जागेवरून वऱ्हाडचा आवाज वर्षानुवर्षे उठविणारे नेते म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवी घेतल्यानंतर काही काळ त्यांनी अमरावतीत शिक्षकाची नोकरी केली. पुढे कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवून त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. संस्कृतचा गाढा व्यासंग आणि लोकमान्य टिळकांवरील अढळ निष्ठा हे त्यांच्या आयुष्याचे दोन आधार होते. होमरूल चळवळीतून ते राजकारणात आले आणि विसाच्या दशकात वऱ्हाड काँग्रेसची धुरा त्यांच्याकडे आली.

वऱ्हाडच्या प्रतिनिधित्वाची कायदेशीर स्थिती विचित्र होती. हा प्रांत नावाला निजामाचा होता. १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला होता. त्यामुळे कायद्याच्या काटेकोर अर्थाने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. परिणामी वऱ्हाडात निवडणूक होई, पण निवडून आलेला उमेदवार सभागृहात बसे तो सरकारनियुक्त सदस्य म्हणून. ज्या सरकारच्या नियुक्तिपत्रावर जागा मिळे, त्याच सरकारच्या विरोधात बोलण्याची ही कसरत बापूजींनी १९२४ पासून १९३० पर्यंत केली.

पक्षाची शिस्त आणि स्वतःची विवेकबुद्धी यांत संघर्ष झाला की बापूजी विवेकाच्या बाजूने उभे राहात. कायदेमंडळात जाऊन केवळ अडवणूक करायची हे स्वराज्य पक्षाचे धोरण त्यांना पटेनासे झाले. सरकारच्या चांगल्या कामाला सहकार्य आणि वाईटाला विरोध, हा टिळकांचा प्रतियोगी सहकाराचा मार्ग त्यांना योग्य वाटत होता. १९२६ मध्ये बॅ. जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह ते प्रतियोगी सहकार पक्षात गेले. तरीही देशाच्या भावी घटनेचा आराखडा तयार करण्यासाठी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये समिती नेमली गेली, तेव्हा तिच्या सदस्यांत बापूजींचे नाव होते. पक्ष सोडूनही विश्वास गमावला नव्हता, याची ही पावती होती.

१९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. वऱ्हाडाला समुद्रकिनारा नाही. येथील शेतकऱ्याला रोज जाच होता तो जंगल कायद्याचा. गुरांना चराई नाही, परवान्याशिवाय गवताची काडी कापता येत नाही, अशी स्थिती होती. अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि सातपुड्याचा पायथा लाभलेल्या बुलडाणा जिल्ह्यालाही हा प्रश्न परका नव्हता. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. कायदेमंडळात सुधारणांची भाषा बोलणाऱ्या पन्नाशीच्या या वकिलाने हाती विळा घेतल्यानंतर जंगल सत्याग्रहाचे लोण वऱ्हाड आणि मध्य प्रांतात पसरले.

त्यानंतरच्या दडपशाहीच्या काळात काँग्रेसच्या प्रभारी अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मे १९३३ मध्ये महात्मा गांधींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्या वेळी कायदेभंगाची चळवळ तात्पुरती स्थगित करण्याची घोषणा त्यांना करावी लागली. पुढच्याच वर्षी मात्र त्यांचे आणि काँग्रेसचे पुन्हा बिनसले. जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने स्वीकारही नाही आणि धिक्कारही नाही अशी भूमिका घेतली. ती अमान्य करून पंडित मदनमोहन मालवीय आणि बापूजी यांनी १९३४ मध्ये काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. १९३५ मध्ये बापूजी या छोट्या पक्षाचे नेते म्हणून पुन्हा मध्यवर्ती विधानसभेत दाखल झाले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय १९४१ चा. वैयक्तिक सत्याग्रहात त्यांचे अनेक जुने सहकारी तुरुंगात होते. अशा वेळी बापूजींनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. सत्तेत शिरून जे पदरात पडेल ते घ्यावे, हा त्यांच्या जुन्या मताचाच परिपाक होता. पण जंगल सत्याग्रहात गवत कापणाऱ्या नेत्याने सरकारची खुर्ची घ्यावी, हे अनेकांच्या पचनी पडले नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी आणि काँग्रेसचे सारे नेते गजाआड गेले, तरी बापूजी पदावर राहिले. त्यांच्या चरित्रातील हे पान त्यांच्या चाहत्यांनाही सहज उलटता येत नाही.

त्याचे उत्तर त्यांनी सहा महिन्यांनी कृतीने दिले. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती खालावत असतानाही सरकार सुटकेला तयार होईना. तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासोबत बापूजींनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते संविधान सभेत आले आणि जानेवारी १९४८ पासून १९५२ पर्यंत त्यांनी बिहारचे राज्यपालपद भूषविले.

राज्यपालपदानंतर बहुतेक नेते निवृत्त होतात. बापूजींच्या आयुष्यातील अखेरची लढाई मात्र तेव्हा सुरू झाली. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे, हे त्यांचे ठाम मत होते. वऱ्हाडात या प्रश्नावर एकमत नव्हते. १९५२ मध्ये बुलडाणा-अकोला मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले गोपाळराव खेडकर हे १९५३ च्या नागपूर करारावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. त्यांचा कौल संयुक्त महाराष्ट्राला होता. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तरीही १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

निर्णय झाला म्हणून बापूजींनी मत बदलले नाही. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वयाची ८१ वर्षे पूर्ण केलेले बापूजी वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन नागपुरातून अपक्ष उभे राहिले आणि विजयी झाले. ज्या दिल्लीत ते १९२४ मध्ये परकीय सरकारच्या सभागृहात बसले होते, त्याच दिल्लीत ते स्वतंत्र भारताचे खासदार म्हणून बसले. या खेपेला त्यांना कोणाच्या नियुक्तिपत्राची गरज नव्हती.

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी, बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण किताब जाहीर झाला. टिळकांच्या जीवनावर त्यांनी रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भाची त्यांची मागणी मात्र अपुरीच राहिली. २०१६ मध्ये त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी वेगळ्या राज्याच्या प्रश्नावरील आपल्या वक्तव्यांवरून वादळ उठल्यानंतर महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला, तेव्हा वऱ्हाडातील जुन्या पिढीला बापूजींची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल.