विषाणूला वाहक बनवणारे हॉवर्ड टेमिन

पेशीत तयार झालेली प्रथिने ठरलेल्या जागी पोहोचली नाहीत, तर पेशीचा सारा व्यवहार कोलमडतो. या वाहतुकीची सूत्रे सांभाळणारी मानवी जनुके नेमके काय करतात, हे जाणण्यासाठी संशोधक ती पेशीत जादा प्रमाणात कार्यान्वित करून पाहतात. जनुक आत पोहोचवण्याचे काम अनेकदा निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडे सोपवले जाते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या या तंत्राच्या मुळाशी असलेला विचार हॉवर्ड टेमिन यांनी मांडला, तेव्हा मात्र त्यावर विश्वास ठेवणारे फारच थोडे होते.

टेमिन यांचा जन्म १० डिसेंबर १९३४ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. वडील वकील होते. शालेय वयातच उन्हाळ्याच्या सुट्ट्या जॅक्सन प्रयोगशाळेत घालवल्याने जीवशास्त्राची गोडी लागली. स्वार्थमोर महाविद्यालयातून १९५५ मध्ये पदवी घेऊन ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रेनाटो डल्बेको यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. कोंबड्यांमध्ये कर्करोग निर्माण करणारा राउस विषाणू हा तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला आणि पुढे आयुष्यभराचा सोबती झाला. १९५८ मध्ये हॅरी रुबिन यांच्यासह त्यांनी हा विषाणू काचेच्या बशीतील पेशींवर मोजण्याची पद्धत सिद्ध केली.

१९६० मध्ये ते मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाले. त्यांची पहिली प्रयोगशाळा तळघरात होती. राउस विषाणूची जनुकीय माहिती आरएनएमध्ये असते. तरीही बाधित पेशीचे बदललेले गुण तिच्या पुढच्या पिढ्यांत टिकून राहतात आणि डीएनएवरून आरएनए बनण्याची क्रिया रोखणारे अ‍ॅक्टिनोमायसिन डी हे द्रव्य विषाणूची वाढही थांबवते, असे त्यांना आढळले. त्यावरून विषाणूच्या आरएनएची डीएनएत नक्कल होते व ती पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसते, असा निष्कर्ष त्यांनी १९६४ मध्ये मांडला. माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडेच जातो, अशी त्या काळी दृढ समजूत होती. पुरावे अप्रत्यक्ष होते, त्यामुळे बहुतेक सहकाऱ्यांनी ही कल्पना मनावर घेतली नाही. टेमिन यांनी वाद वाढवला नाही आणि प्रयोगही थांबवले नाहीत.

सहा वर्षांनी त्यांचे म्हणणे खरे ठरले. १९७० मध्ये सातोशी मिझुतानी यांच्यासह त्यांनी आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर विषाणूच्या कणातच असल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास डेव्हिड बाल्टिमोर यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या नावाने ते ओळखले जाऊ लागले. एड्सवरील अनेक औषधे पुढे याच विकराला लक्ष्य करून तयार झाली. १९७५ चे नोबेल पारितोषिक डल्बेको, बाल्टिमोर आणि टेमिन यांना विभागून मिळाले.

गुणसूत्रात घर करणारा विषाणू आपल्यासोबत दुसरे जनुकही नेऊ शकेल, ही त्याची पुढची पायरी होती. विषाणूची स्वतःची जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवायचे आणि कवचाची प्रथिने दुसऱ्या, साहाय्यक पेशीकडून मिळवायची. असा वाहक पेशीत एकदा शिरतो, ओझे उतरवतो, पण त्याचा संसर्ग पुढे पसरत नाही. पक्ष्यांमधील एका विषाणूसाठी अशा साहाय्यक पेशी टेमिन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये तयार केल्या.

कर्करोगाचा हा अभ्यासक धूम्रपानाचा कडवा विरोधक होता. नोबेल सोहळ्यातही त्यांनी हा विषय काढला. स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या टेमिन यांना अखेर फुप्फुसाच्या कर्करोगानेच गाठले. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले. ज्या शहरात ते सायकलने कामावर जात, तेथील सरोवराकाठच्या वाटेला आज त्यांचे नाव आहे.