बाळू पालवणकर: वेगळ्या पेल्यातला चहा
घाटापलीकडील धारवाडात १८७६ साली चर्मकार कुटुंबात बाळू पालवणकरांचा जन्म झाला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखत, साहेबांना सरावासाठी डावखुरी फिरकी टाकत. बॅट मात्र हाती मिळत नसे. पुढे त्यांची गोलंदाजी पुण्याच्या हिंदू संघालाही हवीशी झाली. तरी चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले; एवढ्यानेही कर्णधारपद मिळाले नाही. १९२० साली याच प्रश्नावर धाकट्या बंधूंनी संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये बंधू विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंची खेळण्याची वर्षे तोवर सरली होती.