केसांच्या तेलाची स्पर्धा, रंगूनची वस्ती आणि ‘देवदास’

डिसेंबर संपत आला की सगळ्यांच्या स्टोरीवर ‘या वर्षी वाचलेली आवडती पुस्तकं’ झळकायला लागतात. दोन सेल्फ-हेल्प, एक जाडजूड इतिहास, एखादं स्टार्टअपवाल्याचं आत्मचरित्र. ज्या कादंबरीपायी रात्री दोनपर्यंत जागून उशी ओली केली, तिचं नाव त्या यादीत सहसा नसतं. लव्हस्टोरी वाचून रडलो हे चारचौघांत कोण सांगणार? पण ही लाज काही आजची नाही. आपल्याकडे पुन:पुन्हा पडद्यावर आलेली लव्हस्टोरी ज्यानं लिहिली, त्यालाच ती छापायची लाज वाटत होती. कादंबरी ‘देवदास’ आणि लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्याय.

शरदबाबूंचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ चा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातल्या देवानंदपूर गावचा. वडील मोतीलाल म्हणजे स्वप्नाळू माणूस. नोकरी टिकायची नाही, घरात पैसा नाही, आणि गृहस्थ कथा-कादंबऱ्या लिहायला घ्यायचे. लिहायला घ्यायचे, पण एकही पूर्ण करायचे नाहीत. धाकट्या शरदच्या हाती ते अर्धवट कागद लागायचे आणि पुढे काय झालं असेल याचा विचार करत पोरगं रात्र रात्र जागायचं. आपल्याला वारशात दोनच गोष्टी मिळाल्या, भटकेपणा आणि साहित्याचं वेड, असं त्यांनी पुढे स्वत:च सांगून ठेवलंय. गोष्ट अर्धवट सुटली की झोप न येणं म्हणजे काय, हे सिरीज बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

गरिबीमुळे कुटुंबाचा मुक्काम बराच काळ आजोळी, बिहारमधल्या भागलपूरला असायचा. मामांचं घर मोठं, शिस्त कडक. अभ्यास सोडून पतंगाला हात लावला तरी बोलणी बसायची. शरद अर्थातच पतंग उडवायचा, गंगेत डुंबायचा, दुसऱ्यांच्या बागेतली फळं पळवायचा. त्याचा एक दोस्त होता राजू. कशालाही न भिणारा. अंधाऱ्या रात्री गंगेत होडी घालायचा, बासरी वाजवायचा, आणि कुणाच्या मदतीला धावून जायचं झालं तर पुढचा-मागचा विचार करायचा नाही. एक दिवस हा राजू घरातून निघून गेला तो गेलाच. ‘श्रीकांत’ कादंबरीतला इंद्रनाथ ज्यांनी वाचलाय त्यांना हा राजू ओळखू येईल. माझ्या मते भारतीय साहित्यात मैत्रीवर इतकं चांगलं फार थोड्यांनी लिहिलंय, आणि ‘देवदास’च्या गाजावाजात ते झाकलं गेलं.

१८९४ मध्ये शरद एन्ट्रन्स पास झाला. कॉलेजात नाव घातलं. पुढल्याच वर्षी आई गेली. एफ.ए.च्या परीक्षेची वेळ आली तेव्हा फी भरायला पैसे नव्हते. तिथं शिक्षण संपलं. आज ज्यांच्या कादंबऱ्यांवर लोक पीएचडी करतात, त्यांची स्वत:ची मजल बारावीपर्यंतसुद्धा गेली नाही.

पण कॉलेज सुटलं तरी टोळकं सुटलं नव्हतं. भागलपूरच्या पोरांनी एक साहित्य मंडळ काढलं होतं. ‘छाया’ नावाचं हस्तलिखित मासिक चालायचं. बैठकीला शरदचे जवळपास त्याच्याच वयाचे मामा असायचे, मित्र विभूतिभूषण भट्ट असायचा. विभूतीची बहीण निरुपमा बालविधवा होती, ती बैठकीला येऊ शकत नव्हती. तिचं लिखाण भाऊ घेऊन यायचा आणि त्यावर चर्चा व्हायची. ही निरुपमा देवी पुढे बंगालीतली नावाजलेली कादंबरीकार झाली. एक मुलगी, लिहिते उत्तम, पण तिला खोलीत येऊन बसायची परवानगी नाही. शरदबाबूंच्या कादंबऱ्यांतल्या बायका कुठून आल्या, हा प्रश्न पडला की मला आधी ही बैठक आठवते.

याच काळात वह्याच्या वह्या भरल्या. ‘बडदीदी’, ‘चंद्रनाथ’, ‘देवदास’, सगळं पंचविशीच्या आसपासचं. म्हणजे ‘देवदास’ लिहिणारा मुलगा साधारण तुमच्याच वयाचा होता. शिक्षण अर्धवट, खिसा रिकामा, भविष्याचा पत्ता नाही. ती कादंबरी अशी का आहे, याचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं.

मग तो घरातून निघाला. संन्याशाच्या वेशात काही काळ भटकला. मुझफ्फरपूरला असताना वडील गेल्याची बातमी आली. परत येऊन अंत्यसंस्कार केले, भावंडांची सोय लावली आणि कलकत्ता गाठलं. तिथं एका वकील नातेवाइकाकडे हिंदी कागदपत्रांचा इंग्रजीत तर्जुमा करायचं काम, पगार महिना ३० रुपये. यात भागेना. ब्रह्मदेशात नशीब काढू म्हणून जानेवारी १९०३ मध्ये रंगूनच्या बोटीत बसायचं ठरलं.

निघण्याआधी एक मजेशीर गोष्ट घडली. कलकत्त्यात एच. बोस नावाचे उद्योजक ‘कुंतलीन’ हे केसांचं तेल आणि ‘देलखोश’ हे अत्तर विकायचे. जाहिरातीसाठी ते दरवर्षी कथास्पर्धा घ्यायचे. गोष्टीत मालाचं नाव यावं, पण गोष्ट जाहिरात वाटू नये, अशी अपेक्षा. आज इन्फ्लुएन्सर जे करतात तेच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी! खुद्द शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी या स्पर्धेसाठी लिहिलं होतं आणि त्यांच्या गोष्टीत ‘कुंतलीन’ची बाटली समुद्रात ओतून चक्क वादळ शांत केलं जातं. शरदनं ‘मंदिर’ नावाची कथा पाठवली, पण स्वत:च्या नावानं नाही. सुरेंद्रनाथ मामाचं नाव खाली घातलं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पहिली छापलेली गोष्ट, पहिलं बक्षीस, आणि नाव मामाचं!

रंगूनमध्ये शरदबाबूंनी तेरा वर्षं काढली. सुरुवातीला एका वकील नातेवाइकाकडे राहिले, ते वारल्यावर तोही आधार गेला. मग सरकारी बांधकाम खात्याच्या हिशेब कचेरीत कारकुनी मिळाली. राहायला ते बोटाटाऊंग-पाझुनडाऊंग भागात गेले, गिरणी-कारखान्यांतल्या मिस्त्री-कामगारांच्या वस्तीत. सुशिक्षित बंगाली बाबूलोक तिकडे फिरकायचे नाहीत. शरदबाबू तिथल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, भांडणं मिटवायचे, होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायचे. संध्याकाळी वाचन, गाणं, चित्रं काढणं. दारूही होती; ते त्यांनी कधी लपवलं नाही.

त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक मिस्त्री राहायचा. त्यानं आपल्या मुलीचं, शांतीचं, लग्न एका दारुड्या म्हाताऱ्याशी ठरवलं होतं. एका रात्री ती मुलगी घाबरून शरदबाबूंच्या खोलीत आश्रयाला आली. पुढे त्यांनी तिच्याशी लग्न केलं. मुलगा झाला. १९०८ मध्ये रंगूनला प्लेगची साथ आली आणि बायको व मूल दोघंही गेली. कादंबऱ्यांतून लोकांना रडवणाऱ्या या माणसानं स्वत:च्या या दु:खावर कादंबरी लिहिली नाही. नंतर त्यांनी मोक्षदा नावाच्या मुलीशी लग्न केलं, तिचं नाव हिरण्मयी ठेवलं, तिला लिहायला-वाचायला शिकवलं. ती अखेरपर्यंत सोबत होती.

इकडे बंगालमध्ये वेगळंच नाट्य चाललं होतं. शरदबाबू जाताना वह्या मित्रांकडे ठेवून गेले होते. १९०७ मध्ये मित्रांनी परस्पर ‘बडदीदी’ ही दीर्घकथा ‘भारती’ मासिकाला दिली. पहिल्या दोन भागांवर लेखकाचं नावच नव्हतं. वाचकांनी तर्क लढवला की इतकं चांगलं दुसरं कोण लिहिणार, हे टोपणनावानं रवींद्रनाथच असणार. शेवटच्या भागाबरोबर नाव आलं आणि सगळे विचारू लागले, हा शरच्चंद्र कोण? हा शरच्चंद्र तेव्हा रंगूनच्या कचेरीत आकडे जुळवत होता. आपलं काही छापून आलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांचं लाकडी घर जळालं. पुस्तकं, चित्रं आणि ‘चरित्रहीन’ या कादंबरीचं हस्तलिखित, सगळं राख झालं. कॉपी नाही, बॅकअप नाही. लॅपटॉप हँग झाल्यावर सबमिशनच्या चार पानांसाठी आपण किती आकांत करतो! शरदबाबू पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. ती नव्यानं लिहिलेली कादंबरी एका मोठ्या मासिकाकडे गेली, तर अनैतिक म्हणून परत आली. कारण काय, तर नायिका मेसमध्ये काम करणारी मोलकरीण! शेवटी ‘यमुना’ नावाच्या लहानशा मासिकानं ती क्रमश: छापली. याच मासिकात ‘अनिला देवी’ या नावानं स्त्रियांच्या समाजातल्या किमतीबद्दल एक सणसणीत लेखमालाही आली. अनिला देवी हे त्यांच्या मोठ्या बहिणीचं नाव.

१९१६ मध्ये प्रकृती ढासळल्यावर ते नोकरी सोडून बंगालला परतले आणि हावड्याला राहू लागले. तोवर त्यांच्या नावावर मासिकं खपत होती. आता प्रकाशकांना जुनंही हवं होतं. ‘देवदास’ची वही मित्रांकडे पडून होती. शरदबाबूंना ती छापायची नव्हती. पोरवयात लिहिलेली, भडक, लाज वाटावी अशी गोष्ट असं त्यांचं मत होतं. मित्र ऐकेनात. १९१७ मध्ये पुस्तक आलं. पुढचं आपल्याला माहीत आहेच. मूकपट, मग १९३५ मध्ये प्रमथेश बरुआ, हिंदीत सैगल, १९५५ मध्ये दिलीपकुमार, २००२ मध्ये शाहरुख, आणि २००९ मध्ये ‘देव डी’.

सिनेमे बघितले असतील तरी मूळ पुस्तक वाचा. छोटंसं आहे, एका बैठकीत होतं. त्यात पार्वती आणि चंद्रमुखी एकमेकींना कधी भेटतच नाहीत. त्यामुळे ‘डोला रे’चा प्रश्नच येत नाही. आणि त्यातला देवदास हिरो नाही. रात्री जिवावर उदार होऊन खोलीत आलेल्या मुलीला घरच्यांच्या भीतीनं परत पाठवणारा, नंतर पस्तावून आलेला आणि तिनं सुनावल्यावर मासेमारीची काठी तिच्या कपाळावर मारणारा तो एक दुबळा मुलगा आहे. निर्णय घेतात त्या बायका. पार्वती आपल्याहून कितीतरी मोठ्या जमीनदाराच्या घरी जाते आणि ते घर ताब्यात घेऊन नीट चालवते. चंद्रमुखी धंदा सोडून खेड्यात झोपडी बांधून राहते. शरदबाबू शेवटी त्याच्यासाठी वाचकांकडे दया मागतात, कौतुक नाही. दारू पिऊन झुरण्याला ग्लॅमर आलं ते पडद्यावर. ब्रेकअपनंतर ‘देवदास झालोय’ म्हणणाऱ्यांनी पुस्तकातली शेवटची पानं एकदा बघावीत. मरायला टेकलेला माणूस तिच्या दारापर्यंत पोहोचतो, तेव्हा आत कुणाला कळतही नाही की बाहेर कोण पडलंय.

आणि तरीही रडू येतंच. ते काही वाईट नाही.

शरदबाबू मराठीत आले ते मुख्यत: मामा वरेरकरांमुळे. स्वत: नावाजलेला नाटककार असलेल्या या माणसानं शरदबाबूंच्या पुस्तकांमागून पुस्तकं मराठीत आणली. त्या काळात घरोघरच्या मुलींनी ‘परिणीता’, ‘श्रीकांत’ हे मराठीच समजून वाचलं. आजीला विचारून बघा. हिंदीत विष्णु प्रभाकरांनी तर शरदबाबूंचं चरित्र लिहिण्यासाठी १४ वर्षं खर्ची घातली; ब्रह्मदेशापर्यंत जाऊन माहिती गोळा केली. ते ‘आवारा मसीहा’ १९७४ मध्ये आलं.

या ‘बायकी कादंबऱ्या’ लिहिणाऱ्या माणसाला इंग्रज सरकार घाबरलं, हेही सांगायला हवं. १९२१ पासून ते हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि तरी सशस्त्र क्रांतिकारकांबद्दल त्यांना जिव्हाळा होता. १९२६ मध्ये त्यांची ‘पथेर दाबी’ आली, ब्रह्मदेशातल्या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेची गोष्ट. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. काही महिन्यांत सरकारनं बंदी घातली. शरदबाबूंनी रवींद्रनाथांना निषेध करायची विनंती केली. रवींद्रनाथांनी नकार दिला. सरकारविरुद्ध लिहिलंत तर परिणामाची तयारी ठेवायला हवी, असा त्यांचा सूर होता. शरदबाबूंना ते फार लागलं. ज्यांना गुरू मानलं त्यांनीच हात काढून घेतला. त्यांच्या हयातीत ती बंदी उठली नाही.

शेवटची वर्षं त्यांनी रूपनारायण नदीकाठच्या सामताबेड इथं स्वत: बांधलेल्या घरात काढली. तिथेही गावकऱ्यांना फुकट औषधं देणं चालूच होतं. त्याआधी भेलू नावाचं एक साधं देशी कुत्रं त्यांनी जिवापाड सांभाळलं होतं. ते मेलं तेव्हा हा माणूस पोटचं मूल गेल्यासारखा रडला. १९३६ मध्ये ढाका विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली, एफ.ए.ची फी न भरता आलेल्या माणसाला. पुढल्या वर्षी यकृताचा कर्करोग निघाला. कलकत्त्याच्या एका नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया झाली, पण १६ जानेवारी १९३८ रोजी सकाळी ते गेले. वय ६१.

टेबलावर ‘शेषेर परिचय’ ही कादंबरी अर्धी राहिली होती. ती राधाराणी देवींनी पूर्ण केली आणि १९३९ मध्ये छापून आली.