रंगांचा माणूस : मिखाईल त्स्वेत

समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांतून ओमेगा-३ तेल आणि अँटिऑक्सिडंट काढायचे प्रोजेक्ट आजकाल बरेच जण घेतात. पेशी फोडा, सॉल्व्हंट टाका, गाळा... हिरवट-तपकिरी काढा तयार! पण त्यात नक्की काय काय आहे, हे कळणार कसं? हे ज्यांनी शिकवलं, त्यांची ही गोष्ट.

मिखाईल त्स्वेत यांचा जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्तीचा. वडील रशियन, आई इटालियन. ती लवकरच गेली. १८९६ मध्ये जिनिव्हात डॉक्टरेट मिळवून ते वडिलांच्या देशात गेले, तर तिथे परदेशी डिग्री चालेना! मग पुन्हा प्रबंध लिहून १९०१ मध्ये कझानची मास्टर्स डिग्री घेतली.

तेव्हा त्यांना एक कोडं पडलं होतं. पेट्रोलियम ईथरमध्ये पानातलं कॅरोटीन सहज उतरतं, बाकीचे रंग मात्र हटत नाहीत. थोडं अल्कोहोल घातलं, की सगळे उतरतात. म्हणजे रंग न विरघळणारे नाहीत, ते पेशीला चिकटून बसलेत! मग हे चिकटणंच कामाला लावलं तर? काचेच्या नळीत खडूची पूड (कॅल्शियम कार्बोनेट) ठासून भरली, वरून अर्क ओतला. कमी चिकटणारे रंग खाली सरकले, जास्त चिकटणारे वर राहिले. नळीत रंगीत पट्टे! १९०६ मध्ये त्यांनी याला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं. त्याच वर्षी तपकिरी समुद्री शेवाळांचे रंगही तपासले. त्यातलं फ्युकोझँथिन डायटमसारख्या सूक्ष्म शेवाळांतही असतं. 'कॅरोटिनॉइड' हे नावही त्यांचंच.

पण बड्या मंडळींना पटेना. पुडीमुळे रंगच बिघडतात, असं विल्श्टेटर यांचं म्हणणं. १९१५ चं नोबेल त्यांना मिळालं. त्स्वेत मात्र महायुद्धात वॉर्सा सोडून गावोगाव फिरत राहिले. १९१९ मध्ये व्होरोनेझला ते गेले. वय अवघं ४७.

१९३१ मध्ये हायडेलबर्गला कून आणि सहकाऱ्यांनी तीच नळी वापरून कॅरोटीनचे प्रकार वेगळे केले. कून यांना १९३८ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे कून हे विल्श्टेटर यांचेच शिष्य!

आज शेवाळातलं अ‍ॅस्टाझँथिन एचपीएलसीवर मोजतात, ओमेगा-३ गॅस क्रोमॅटोग्राफीवर. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंग. तेव्हा पुढच्या वेळी पीक यायला उशीर झाला, तर मशीनला शिव्या घालू नका राव. या माणसाचा पीक यायला तर पंचवीस वर्षं लागली!