साठीत ‘हिट’ झालेला गळवाला

कायाकमध्ये बसायचं, आवाज न करता वल्हवत उथळ पाण्यात शिरायचं आणि पिसं-दोऱ्याची खोटी माशी अलगद कार्पसमोर टाकायची. फ्लाय फिशिंगचा हा प्रकार बघायला एकदम कूल वाटतो, पण करायला जाम अवघड. कारण कार्प हा मासा महाबिलंदर. (आपले रोहू, कटला, महसीर हे त्याचेच भाऊबंद, बरं का!) जरा सावली हलली की साहेब गायब.

हा बिलंदरपणा साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं लिहून ठेवलाय. आयझॅक वॉल्टन. गळ टाकणाऱ्यांच्या दुनियेत हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण.

वॉल्टनचा जन्म १५९३ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावचा. तो चार वर्षांचा व्हायच्या आतच वडील वारले. युनिव्हर्सिटीचं तोंडही त्यानं पाहिलं नाही. पोरवयात लंडन गाठलं, कापडधंद्यात शिरला आणि फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात जम बसवला. तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते कवी जॉन डन. दुकानदार आणि कवी, दोघांची छान गट्टी जमली. पुढे डन यांचं चरित्र वॉल्टननंच लिहिलं.

बाहेरून सगळं सेट वाटत होतं. घरात मात्र दुःख थांबत नव्हतं. पहिली बायको रेचल हिच्यापासून झालेली सातही मुलं लहानपणीच गेली. १६४० मध्ये रेचलही गेली. त्यातच देशात यादवी पेटली. वॉल्टन राजाच्या बाजूचा, आणि १६४९ मध्ये राजाचंच डोकं उडवलं गेलं. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपुत्र चार्ल्स हरला आणि पळाला. त्याचं एक मौल्यवान रत्नपदक मागे राहिलं. ते लपवून लंडनपर्यंत पोचवायची जोखीम कोणी घेतली? अठ्ठावन्न वर्षांच्या आपल्या कापडवाल्यानं! पकडला गेला असता तर काही खरं नव्हतं.

आणि दोनच वर्षांनी, १६५३ मध्ये, त्याचं पुस्तक आलं ‘द कम्प्लीट अँगलर’. राजकारण नाही, सूड नाही. नदीकाठानं चालत गप्पा मारणारी माणसं, मासे, गाणी आणि खाणंपिणं, बस्स. त्यात कार्पवर अख्खं प्रकरण आहे. वॉल्टननं या माशाला नद्यांच्या राणीचा मान दिलाय. चांगला मुरलेला गळवालाही रोज चार-सहा तास असा तीन-चार दिवस बसला, तरी गळाला साधा झटका बसत नाही, असं तो सांगतो. त्याचा उपाय म्हणजे गांडूळ किंवा गोड पिठाची गोळी, आणि भरपूर सबुरी.

गंमत म्हणजे खोट्या माशीच्या तंत्रात वॉल्टन स्वतः फार तरबेज नव्हता. त्यानं ते लपवलंही नाही. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत तो भाग त्यानं चार्ल्स कॉटन या दोस्ताकडून लिहून घेतला. कॉटन त्याच्याहून ३७ वर्षांनी लहान! डव्ह नदीकाठी कॉटननं १६७४ मध्ये छोटं फिशिंग हाउस बांधलं आणि दारावर दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरली. ते घर आजही उभं आहे.

१५ डिसेंबर १६८३ ला, नव्वदीत, वॉल्टन विंचेस्टरमध्ये वारला. तिथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं. शॅलोफर्डचं आपलं शेतघर त्यानं स्टॅफर्डच्या गरिबांसाठी ठेवलं होतं.

पंचविशीत सेटल नाही झालो तर संपलं, असं टेन्शन आपण रोज घेतो. या माणसाचं सगळ्यात गाजलेलं काम साठीला आलं, तेही सगळं उद्ध्वस्त झाल्यावर. तीन-चार दिवस गळ हलला नाही म्हणून तो काठावरून उठला नाही, इतकंच.