राजवाडा की देवघर?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. इंग्लंडच्या राण्या ओळीनं पाठ, पण आपल्या नाशिकहून आग्रा रोडनं साठेक किलोमीटरवर चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, हे मला हॉस्टेलच्या रूम पार्टनरकडून कळलं! एका रविवारी एस.टी.नं गेलो. कोरीव लाकडी खांब, भिंतीवरची चित्रं बघून मी म्हटलं, अहिल्याबाईंचा थाट मोठा होता हं! तो नुसता हसला. दिवाळीच्या सुट्टीत दोघं महेश्वरला गेलो, तेव्हा ते हसणं समजलं.

अहिल्याबाई १७२५ साली चौंडीला जन्मल्या. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं आणि राज्यकारभारात तयार केलं. १७६६ ला सासरे गेले, १७६७ ला मुलगा मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत राज्य त्यांचं. म्हणजे, त्यांचं तरी कसं म्हणायचं? हुकूम निघत ते श्रीशंकराच्या नावानं. बाई जणू देवाच्या कारभारी.

काशी विश्वेश्वराचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभं करणाऱ्या, देशभर घाट नि धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाईंचा स्वतःचा नर्मदेकाठचा वाडा अगदी साधा! आत जमिनीवर पांढरी गादी, जवळच देवघर. रोज मातीची हजारो छोटी शिवलिंगं करून, पूजून नर्मदेत सोडायची, हे लिंगार्चन तिथे आजही चालतं. आफ्रिकेतल्या बेनिन देशात अबोमेच्या जुन्या राजवाड्यांत राजांचे वंशज अजून पूर्वजांचे विधी करतात, हे वाचून मला पूर्वी गंमत वाटली होती. आता तसंच काहीतरी मी आपल्याच माणसांत बघत होतो.

पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाली. आईनं परोपरीनं विनवलं. लेक ऐकेना. स्वतःला सासऱ्यानं थांबवलेलं, राज्य हातात, आणि पोटच्या पोरीला थांबवता येऊ नये? हुकूम का नाही काढला? की शंकराच्या नावानं असा हुकूम काढणं त्यांना जमलं नसतं? चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला, त्याही गेल्या.

मित्रानं गादीपुढे डोकं टेकवलं. मी मात्र बराच वेळ नुसताच उभा होतो, मुक्ताबाईचा विचार करत.