आसगावचे नेव्हिल डिसोझा आणि मेलबर्नचे चार गोल



संध्याकाळी मैदानावर खेळणाऱ्या आपल्या मुलांच्या पाठीवर मेस्सी आणि रोनाल्डो यांची नावे असतात. त्यात काही गैर नाही. खेळ आवडला की मोठ्या खेळाडूचे नाव अंगावर मिरवावेसे वाटतेच. पण पेडण्याकडून चोपड्याचा पूल ओलांडला की शिवोली लागते आणि शिवोलीला लागूनच आसगाव. या आसगावात जन्मलेल्या एका खेळाडूने ऑलिंपिकच्या एकाच सामन्यात तीन गोल केले होते. त्यापूर्वी आशिया खंडातील एकाही फुटबॉलपटूला ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक साधता आली नव्हती. त्यांचे नाव नेव्हिल डिसोझा. हे नाव लिहिलेली जर्सी मी अजून कोणाच्या अंगावर पाहिलेली नाही.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी झाला. गोव्यात फुटबॉल आला तो शिवोलीतूनच. १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी तेथे मुलांना हा खेळ शिकवायला सुरुवात केली, असे इतिहास सांगतो. म्हणजे ज्या परिसरात नेव्हिल जन्मले तेथे फुटबॉल त्यांच्याआधी पन्नास वर्षे पोहोचला होता. परंतु मोठ्या स्पर्धा आणि खेळाडूला नोकरी देणाऱ्या कंपन्या, हे सारे तेव्हा मुंबईत होते. गोव्यातील हजारो माणसे पोटासाठी मुंबईला जात. धोबीतलावच्या बाजूला गावागावांच्या कूडी होत्या, तेथे ती राहत आणि रविवारी फुटबॉल खेळत किंवा पाहत. नेव्हिल यांचा खेळ या मुंबईतच बहरला.

त्या काळी मुंबईतील मोठ्या कंपन्या स्वतःचे संघ बाळगत आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देऊन आपल्याकडे ठेवत. नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. खेळाची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे आक्रमणाच्या अगदी मध्यभागी. १९५४ साली मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघात ते होते. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. आजच्या मुलांना रोव्हर्स कप माहीत नसेल. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा कूपरेजच्या मैदानावर भरत असे आणि तिचा मान ड्युरंडच्या बरोबरीचा होता. त्यांचे भाऊ डेरेक हेही भारताकडून खेळले.

आता थोडे इतिहासाकडे वळू, कारण त्याशिवाय मेलबर्नचा खरा अर्थ कळणार नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आपल्याच तालुक्यातील पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने गोव्याच्या सीमा बंद केल्या. पत्रादेवी काय किंवा डिचोलीकडून दोडामार्गला जाणारी वाट काय, एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांचे राज्य. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी हे दिवस पाहिले आहेत. मुलांनी त्यांना जरूर विचारावे. या घटनेनंतर सव्वा वर्षाने आसगावचा जन्म असलेला चोवीस वर्षांचा तरुण भारताची जर्सी घालून ऑलिंपिकच्या मैदानात उतरला. त्या दिवशी आसगाव भारतात नव्हते. ते भारतात आले १९ डिसेंबर १९६१ रोजी, पाच वर्षांनंतर.

भारताच्या फुटबॉलची तोपर्यंतची कथा फारशी उत्साहाची नव्हती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या जीवनावरचा २०२४ सालचा मैदान हा चित्रपट काही मुलांनी पाहिला असेल. रहीम हे पेशाने शाळामास्तर होते, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना विशेष आवडते! त्यांनी चार वर्षांत संघाला नवी शिस्त लावली आणि पास देत खेळायला शिकवले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे फक्त ११ संघ खेळले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. प्रेक्षक त्यांचे, मैदान त्यांचे. नवव्या मिनिटाला भारताचे कर्णधार समर बॅनर्जी यांचा फटका गोलच्या चौकटीला लागून परत आला आणि नेव्हिल यांनी तो डोक्याने आत ढकलला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि मग किट्टू यांनी चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २.

ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा भारत हा आशियातील पहिला संघ ठरला. तुक्का लागला असे म्हणणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की त्याच दौऱ्यात सिडनीला झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला होता, आणि समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया ज्याने दहा गोल चढवले होते. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला पहिला गोल झाला तो भारताचा, आणि तो केला नेव्हिल यांनीच! चार वर्षांपूर्वी जे आपल्याला हसले असतील त्यांच्याविरुद्ध आपण १-० ने पुढे होतो. ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. पुढच्या तेरा मिनिटांत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले, चौथा आपल्याच खेळाडूकडून चुकून झाला. सामना ४-१ असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची याहून चांगली कामगिरी आजपर्यंत झालेली नाही. १९६० नंतर तर भारतीय संघ ऑलिंपिकमध्ये पोहोचलेलाच नाही.

नेव्हिल यांचे एकूण चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांचेही चार. म्हणजे त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक आपल्या शेजारच्या बार्देस तालुक्यात जन्मलेला होता.

पालक सभेत मला नेहमी विचारले जाते, खेळून मुलाचे पुढे काय होणार? नेव्हिल यांच्या आयुष्यात याचे सोयीचे उत्तर सापडत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. रोमच्या १९६० च्या संघात ते नव्हते. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्यांच्याबरोबर मेलबर्नला खेळलेले पी. के. बॅनर्जी, बलराम आणि थंगराज यांना तो मिळाला, नेव्हिल यांना कधीच मिळाला नाही. पदक नाही, मोठा पैसा नाही. १७ मार्च १९८० रोजी वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ते गेले. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकांत मेजर ध्यानचंद होते आणि ते असायलाच हवेत. नेव्हिल यांचे नाव मात्र मी गोव्यात आल्यावर ऐकले, आणि तेही एका निवृत्त पोस्टमनकडून.

त्यांच्यानंतर याच वाटेने गेलेले आणखी एक नाव सांगायला हवे. धारगळहून कोलवाळचा पूल ओलांडला की जे गाव लागते तेथील फोर्तुनात फ्रांको. तेही मुंबईत टाटाकडून खेळले आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले. एकाच तालुक्यातील ही दोन गावे, आणि दोघांनाही नाव कमावण्यासाठी मुंबई गाठावी लागली.

आज वांद्रे येथे फुटबॉलचे एक मैदान नेव्हिल डिसोझा यांच्या नावाने आहे. मुंबईतील क्लबांचे सामने तेथे होतात.